रिकामं वजन

शनिवार, ८ नोव्हेंबर २०२५. संध्याकाळचे ५ वाजून २० मिनिटे.

कपाटाच्या फळ्यांवर वर्तमानपत्र अंथरत होतो. ते झालं आणि ही वही काढली.

खोली मनासारखी मिळाली. वरच्या मजल्यावर आहे, एक खिडकी जिन्याकडे आणि एक उसाकडे. मोरी आतच, नळाला दोन्ही वेळ पाणी. खाटा मात्र दोन आहेत, लोखंडी, पत्र्याच्या पट्ट्यांच्या. एक काढून न्याल का म्हणून विचारलं तर मालक भाऊसो हसले. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले आहेत, हसतानाही ताठ बसतात. ती खाट खोलीतच वेल्डिंग केलेली आहे, दारातून निघत नाही, म्हणाले. तिच्यावर कपडे टाका, न्हाईतर पाव्हणा आला की निजवा. मला पाहुणे येत नाहीत हे मी सांगितलं नाही.

सकाळी कोरेगावहून निघालो, कराडला एसटी बदलली. सातारा जिल्हा संपून सांगली लागल्याची पाटी मागे गेली तेव्हा खरंच हलकं वाटलं. गावात मला अमृत म्हणून हाक मारणारी फक्त आई. बाकी सगळ्यांना मी 'पोतं'. इथे मी साखर कारखान्यावर हंगामापुरता काटा-क्लार्क आहे आणि मला कोणी ओळखत नाही. इथे बारीक झालो तर लोक मला बारीक म्हणूनच ओळखतील.

डब्याची सोय भाऊसोंनीच लावून दिली. साळूबाई म्हणून जतकडच्या बाई आहेत, आठ-दहा जणांचे डबे करतात. आज एकदाच भेटल्या, बोलता बोलता डोक्यावरची डब्यांची बुट्टीही खाली ठेवली नाही. डबा काट्यावर आणू नका, दुपारी खोलीवर ठेवा, असं मी सांगितलं, कारण चौघांत बसलं की माझा हात आवरत नाही. दाराला नुसती कडी असते. आदल्या दिवशीचा रिकामा डबा दाराशी ठेवीन, तो न्यायचा.

आता मुख्य गोष्ट. वाटेत कराडजवळच्या मलकापूरला थांबून डॉक्टर उत्कर्षा मॅडमना रक्ताचा रिपोर्ट दाखवला. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी ६.२ आली. साडेसहापासून पुढे मधुमेह धरतात. म्हणजे मी बांधावर उभा आहे. वय पंचवीस, वजन ९८. आधी कधी डाएट केलं होतं का, असं मॅडमनी विचारलं. तीनदा, म्हणालो. पहिल्यांदा नुसती केळी आणि दूध, नऊ किलो गेले. मग एका एजंटची पावडर, अकरा गेले. मग भाकरी-भात बंद करून अंडी आणि पनीर, तेरा गेले. दर वेळी गेलं त्याहून जास्त परत आलं. मॅडमनी पेन खाली ठेवलं. हे चढणं-उतरणंच शरीराला महागात पडतं, म्हणाल्या. वेळेवर जेवा, भाकरी थोडी कमी करा, रोज चाला. महिन्याला दोन किलो पुष्कळ झाले. उपाशी मात्र राहू नका. तीन महिन्यांनी परत तपासू.

महिन्याला दोन. तेवढा धीर माझ्यात नाही. आमच्या घरी वडिलांचा मधुमेह कळला तो मुंग्यांमुळे. परसात ते जिथे लघवीला बसायचे तिथे मुंग्यांची रांग लागलेली आईने पाहिली. आधी पाऊल गेलं, मग गुडघ्यापर्यंत पाय, मग ते. मी बारावीत होतो, परीक्षेला बसलोच नाही.

या वेळी वजन उतरवायचं आणि उतरलेलं परत चढू द्यायचं नाही.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

काम समजलं. उसाचा ट्रॅक्टर ट्रॉल्यांसकट काट्यावर येतो, त्याचं भरलेलं वजन घ्यायचं. तो आत जाऊन ऊस ओततो आणि परत काट्यावर येतो, तेव्हा रिकामं वजन घ्यायचं. भरल्यातून रिकामं वजा केलं की राहतो तो शेतकऱ्याचा ऊस. रिकामं वजन जास्त धरलं तर तेवढा ऊस त्याचा बुडतो. याला काटा मारणं म्हणतात, आणि काट्यावर बसलेल्या माणसाकडे सगळे त्याच नजरेने बघतात. म्हणून मी प्रत्येक गाडीआधी पडद्यावर शून्य आलंय ना, ते दोनदा बघतो.

पहिल्या दिवशी गंमत म्हणून स्वतःच काट्यावर जाऊन उभा राहिलो. हा काटा दहाच्या पटीत दाखवतो. १०० आले. बिराप्पा नावाचा ट्रॅक्टर ड्रायव्हर आहे, तो खालून म्हणाला, "सायेब, ट्रॉली कुटं इसरलासा?" सगळे हसले. मीही हसलो.

डबा चांगला असतो. दोन भाकरी, भाजी, आमटी, भात. मी चार चमचे भाजी खाऊन थांबतो. अन्न टाकू नये ही आईची शिकवण. वडिलांचं गोड बंद झालं तेव्हा ते आपल्या वाट्याचा गुळाचा खडा ताटातून उचलून खिडकीत ठेवायचे आणि म्हणायचे, ज्याचा वाटा त्यानं खावा. मी प्रत्येक डाएटला तसंच करत आलो आहे. राहिलेलं डब्यात नीट लावतो, कड्या घालतो, डबा दुसऱ्या खाटेवर ठेवतो आणि तेच वाक्य म्हणतो. टाकलं तर पाप वाटतं, समोर ठेवलं तर मोह होतो. असा वाटा काढून ठेवला की बरं वाटतं. सकाळी जाताना कुत्र्यांना घालीन.

रविवार, २३ नोव्हेंबर

९३. कराडहून आणलेल्या घरगुती काट्यावर तीनदा उभा राहून खात्री केली.

कुत्र्यांना घालायची वेळच येत नाही. सकाळी डबा रिकामा असतो, चाटून पुसून ठेवल्यासारखा. भाऊसोंचं मांजर असणार. झाकणाच्या कड्या मात्र लावलेल्याच असतात, ते मांजराला कसं जमतं हे कळलेलं नाही.

उठल्याबरोबर मोरीत बघतो. एकही मुंगी नाही.

भाऊसोंनी जिन्यात थांबवून सांगितलं, दुपारी जरा हळू चालत जा, खाली मांडणीवरची भांडी वाजतात. दुपारी मी काट्यावर असतो, असं म्हणालो. मग उंदीर असतील, असं म्हणून ते गेले. पण मला खालून वरपर्यंत बघून गेले.

गुरुवार, ११ डिसेंबर

८९. पँट पट्ट्याशिवाय राहत नाही. पट्ट्याला नवीन भोक पाडलं.

आज डबा जड लागला. चार भाकऱ्या, भात दुप्पट. साळूबाईंना फोन केला, चुकून दुसऱ्याचा आला का म्हणून. त्या हसायला लागल्या. काल दुपारी त्या डबा ठेवायला आल्या तेव्हा आतून मीच म्हणालो म्हणे, पुरत नाही, वाढीव देत जा. दोघांचे पैसे देईन असंही म्हणालो. आवाज दम लागल्यासारखा होता. मी दुपारी घरी नसतो, असं परत परत सांगितलं. त्या म्हणाल्या, "आता लाजतूस कशाला? खाणाऱ्याला वाढाय मला बरं वाटतंय."

बाईंचा दुसऱ्या कुठल्या तरी गिऱ्हाइकाशी घोटाळा झाला असणार. एकाचाच डबा द्या, असं स्पष्ट सांगितलं.

शुक्रवार, १२ डिसेंबर

चार भाकऱ्या.

रविवार, २८ डिसेंबर

८५. आईचा फोन होता. चेहरा दाखव म्हणाली, दाखवला. तिने पदर डोळ्यांना लावला. मग म्हणाली, बाबांचं तोंड असंच झालं होतं. मी विषय बदलला. बारीक व्हायला सांगणारी तीच आणि रडणारीही तीच.

मोरीत मुंग्या नाहीत. पण खोलीत आहेत. उसाकडच्या खिडकीतून आत येतात, भिंतीने खाली उतरतात, मोरी सोडून पुढे जातात आणि दुसऱ्या खाटेच्या पायाशी फरशीवर एक कोरडा गोल धरून बसतात. तिथे काही सांडलेलं नाही. हात लावून पाहिलं, वास घेऊन पाहिला. काही नाही. पुसून काढल्या. तासाभराने परत तसाच गोल.

काट्यावर बिराप्पाने विचारलं, सायेब, वाळत निघालासा, डबा कुणाच्या पोटात जातोय? मी वाटा काढून ठेवण्याचं सांगितलं. वाटलं हसेल. हसला नाही. तो धनगर आहे, लहानपणी मेंढरांमागे रानोमाळ हिंडलेला. त्याची आई मागे राहिलेल्या माणसाची भाकरी झाकून ठेवायची. पण माणूस यायचा असेल तरच. कोणी यायचं नसताना वाटा काढला तर ती त्याच्या हातावर मारायची. मग जे म्हणाला ते जसंच्या तसं लिहितो. "नसल्याल्याचा वाटा काडून ठिवला, की त्यो येतूय. आला की ज्येवतूय. आन् ज्येवला की ऱ्हातूय."

गाडीत बसता बसता म्हणाला, डबा बंद करा न्हाईतर सगळा खावा. अर्धं-अर्धं नको.

अजून महिना-सव्वा महिना. रिपोर्ट चांगला येऊ दे, मग सगळा खाईन.

बुधवार, १४ जानेवारी २०२६. संक्रांत.

८२. कारखान्यावर सगळ्यांनी तिळगूळ दिला. खिशात ठेवला, खोलीत येऊन खाटेवर ठेवला. तहान फार लागते. रात्रीतून चारदा उठावं लागतं. पाणी जास्त पितो म्हणून असेल.

आज काट्यावर भांडण झालं. एका शेतकऱ्याने मागच्या खेपेची पावती काढली. तोच ट्रॅक्टर, त्याच ट्रॉल्या, तोच ड्रायव्हर. आज रिकामं वजन पन्नास किलोने जास्त कसं? काटा मारतोस का, असं सगळ्यांसमोर विचारलं. मी ट्रॅक्टर परत काट्यावर घ्यायला लावला. या वेळी बरोबर आलं. माफी मागितली. माफी मागितल्याचा अर्थ सगळ्यांनी काय घ्यायचा तो घेतला.

पावतीवर दोन्ही वेळा मीच आकडे टाकले होते. पडद्यावर होते तेच.

सोमवार, १९ जानेवारी

सकाळी आठ. पहिली गाडी यायची होती. काटा रिकामा, पडद्यावर शून्य. वीस-वीस किलोची तपासणीची वजनं ठेवून पाहिली, बरोबर दाखवतो. ती उचलली. परत शून्य.

मग मी उभा राहिलो. खोलीवरच्या काट्यावर ८१ भरलो होतो.

१३०.

केबिनच्या काचेतून पडदा नीट दिसतो. ऊन होतं. पलीकडे बिराप्पा ट्रॅक्टरला टेकून चहा पीत होता. मी पाय उचलून पाहिला, परत ठेवला. १३०.

मी काट्यावरून खाली उतरलो.

५०.

काट्यावर कोणी नव्हतं. लोखंडी पत्रा, त्यावर उसाचं पाचट. ५०. मी केबिनच्या तीन पायऱ्या चढलो. चौथ्या पावलाचा आवाज माझ्या मागून आला. वळून पडद्याकडे पाहिलं तर शून्य.

बिराप्पाने चहा ओतून टाकला होता. तो माझ्याकडे बघत नव्हता, माझ्या शेजारी बघत होता.

मंगळवार, २० जानेवारी

झोप नाही. बेरीज केली. नऊ. अकरा. तेरा. या वेळचे सतरा.

पन्नास.

मी समजत होतो की गेलेलंच दर वेळी परत आलं. तसं नाही. परत आलं ते नवीन. गेलेलं बाहेरच राहिलं. वर्षानुवर्षं मी त्याला उतरवलं आणि त्याच्यापुढे ताट ठेवलं.

दुसऱ्या खाटेच्या पट्ट्या मधोमध खाली झुकल्या आहेत. कपडे उचलून पाहिले. कपड्यांचं वजन ते किती.

शुक्रवार, ३० जानेवारी

७८. मी उतरवत नाही. उतरतंय.

मला काट्यावरून काढून गोदामात पाठवलं. तक्रारी वाढल्या. बिराप्पा रस्त्यात दिसतो, हात जोडतो आणि पुढे जातो.

शनिवार, ७ फेब्रुवारी

रिपोर्ट. ९.४.

मॅडमनी दोनदा नाव तपासलं. संध्याकाळी काय खाता? काही नाही. रात्री उठून? काही नाही. रिपोर्ट तसं म्हणत नाही, म्हणाल्या. आणि मग, रागाने नाही, हळू आवाजात, "अमृत, हे वजन तुम्ही उतरवलेलं नाही. साखर माणसाला आतून खायला लागली की असं उतरतं."

खायला लागली की, असं म्हणाल्या.

गोळ्या दिल्या. हे आवरता येतं, पुष्कळांनी आवरलंय, म्हणाल्या. फक्त वेळेवर जेवायचं, गोळी चुकवायची नाही, आणि काही दिवस एकटं राहू नका.

मी एकटा नाही, असं सांगणार होतो.

रविवार, ८ फेब्रुवारी

बिराप्पाचं ऐकलं. सगळा डबा खाल्ला. वाटा काढला नाही, ते वाक्यही म्हटलं नाही. दोन भाकऱ्या, मग आणखी दोन, भात, आमटी. एकेक घास मोजून चावला.

पोट भरलं नाही. जेवल्यासारखंच वाटलं नाही.

डबा धुवत होतो. पलीकडच्या खाटेवरून ढेकर आली.

सोमवार, ९ फेब्रुवारी

डबा बंद करा म्हणून साळूबाईंना फोन केला. बरं म्हणाल्या. मोरीत मुंग्या आल्या. आता मोरीतही.

गोळी घेतली. बाटलीत दहा होत्या, नऊ राहायला हव्यात. आठ आहेत. तोही घेतो.

मंगळवार, १० फेब्रुवारी

दुसरी खाट वर आली आहे. पट्ट्या सरळ. तिथे कोणी नाही.

माझ्या खाटेच्या पायथ्याशी दबलेलं आहे. भूक लागली असेल. मलाही लागली आहे. एकच आहे की दोन, कळत नाही —

उतरलेलं चढतं. हे मी पहिल्याच दिवशी लिहिलं होतं. चढू द्यायचं नाही, असं —

बुधवार, ११ फेब्रुवारी. दुपारचे १ वाजून १० मिनिटे.

कामावर गेलो नाही. साळूबाई पैशाला आल्या. पहिल्या दिवसानंतर आजच समोरासमोर. मी दार उघडलं. त्यांनी मला पाहिलं आणि पदर सावरला, परक्या माणसासमोर सावरतात तसा.

"अमृत आत हाय न्हवं?"

मीच अमृत, म्हणालो. त्या हसल्या नाहीत. रोज दुपारी मी जिन्याकडच्या खिडकीतून त्याला बघते, असं म्हणाल्या. चांगला अंगानं भरल्याला, खाटंवर पालथा निजल्याला. मग माझ्या खांद्यावरून आत बघितलं आणि ओळखीचं हसल्या. "हाय की. निजू दे. उठला की सांगा, दोघांतल्या एकाचं पैसं ऱ्हायल्यात. आन् तुमी कोण, पावणं?"

मी मागे वळलो नाही.

भरलेलं वजन तो. रिकामं मी. भरल्यातून रिकामं वजा —

हिशेब करून ठेवतो. चुकू नये.

दिले: भाडं तीन महिन्यांचं, ४,५००. डबा एका माणसाचा, ७,२००. तपासणी आणि गोळ्या, १,६४०.

देणे: साळूबाईंना, दुसऱ्या माणसाचा डबा, ११ डिसेंबरपासून दोन महिने, ४,८००. नाव: अमृत.

खाट वाजली. मांडीवर वही आहे आणि वहीवर वजन येतंय. पायांना मुंग्या आल्या आहेत. आई म्हणायची, बाबांचंही आधी पायांना मुंग्या येण्यानेच — पण या चालतायत, घोट्यावरून वर, रांगेने, मी मोजतो

देणे: एकूण